एकतीस नावांचा डोंगर

“वेठीला आलाव काय रं?”

जून २०१८ मध्ये दापोली तालुक्यातील आमच्या बौद्धवाडीत आम्ही चौदा जण कुदळी-फावडी खांद्यावर टाकून डोंगराकडे निघालो होतो. तेव्हा पडवीत बसलेल्या एका आजींनी हा प्रश्न विचारला. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितले, “आजी, हे श्रमदान आहे. पैसे न घेता काम करायचे.” आजी म्हणाल्या, “तेच इचारतंय मी.”

आजी थट्टा करीत नव्हत्या. त्यांच्या वडिलांनी खोताची वेठ केली होती. कोकणातील खोतीत कुळाने भाताचा अर्धा हिस्सा खोताला घालायचा, त्याचे नाव अर्धेल. वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा घालायचा, ती तिर्धेल. आणि वर आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचे, तिचे नाव आठवेठ. महार कुळांना त्याखेरीज गावकीची कामे होतीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. महार वतन तर १९५८ च्या कायद्याने गेले. म्हणजे फुकटचे काम हा शब्द ज्यांच्या कानात अजून घुमतो अशी माणसे आपल्या वाडी-वाडीत जिवंत आहेत, आणि आम्ही मुंबईहून बिस्किटांचे पुडे घेऊन त्यांना श्रमदान शिकवायला निघालो होतो!

आमच्या चौदा जणांत बेस्टचे एक वाहक, महापालिकेच्या दोन सफाई कामगार भगिनी, एक रिक्षाचालक, दोन कॉलेजची मुले आणि बाकी आमच्यासारखे कारकुनी करणारे. सगळे त्याच वाडीचे, मुंबई मंडळाचे सभासद. चौदा एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा या दोन दिवसांपलीकडे गावाशी संबंध उरला नव्हता. तो पुन्हा जुळला एका फोनमुळे. लाकडाच्या ठेकेदाराने पणजोबांच्या डोंगरावरील उभी झाडे सव्वा लाखाला मागितली होती.

जमीन एकूण १ हेक्टर ८२ आर, म्हणजे साधारण साडेचार एकर. खाली भाताची खाचरे, मध्ये नाचणीचा वरकस उतार, वर डोंगर. सातबाऱ्यावर एकतीस नावे. कारकुनाची सवय म्हणून आम्ही लगेच भागाकार केला. सव्वा लाख भागिले एकतीस, प्रत्येकी चार हजार बत्तीस रुपये आणि बाकी आठ रुपये. दहा-बारा वर्षे वाढलेले रान एका उन्हाळ्यात भट्टीच्या वाटेला लावून माणशी चार हजार बत्तीस! त्यातही ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतील, परवानगीशिवाय तोडता न येणारी. पण ठेकेदार म्हणत होता, ते मी बघतो.

या जमिनीवर बारमाही राबणारे माणूस मात्र एकच. आमच्या चुलत काकी. नवरा मुंबईत वारला, मुलगा मुंबईत कुरिअरच्या कामावर, मुलगी चिपळूणला दिलेली. काकींनी फोनवर एवढेच सांगितले, “रान तुटलं की माझी विहीर तुटली. काय ते तुम्ही बघा.” दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. डोंगर बोडका असला की पाणी खाडीला जाऊन मिळते. हे काकींना कोणी शिकवावे लागले नव्हते.

आमच्यातील कॉलेजच्या मुलांनी ‘पर्माकल्चर’ हा शब्द आणला. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली या नावाने पहिले पुस्तक काढले. कायमस्वरूपी टिकणारी शेती, असा त्याचा अर्थ. जंगल जसे स्वतःला पोसते तशी शेतीची मांडणी करायची. पालापाचोळा जाळायचा नाही, पसरायचा. पाणी धावू द्यायचे नाही, चालवायचे. एका पिकावर भिस्त ठेवायची नाही. रोज लागणारे घराजवळ, क्वचित लागणारे लांब, आणि सर्वांत लांबचा भाग रानाला सोडायचा. ऐकून काकी म्हणाल्या, “ह्यात नवीन काय?” परसात भाजी, त्यापलीकडे खाचरे, मग नाचणी, मग डोंगर, असे कोकणातले घर पूर्वीपासूनच मांडलेले आहे. नवीन काही असेल तर ते एवढेच की आता ही गोष्ट पुस्तकात आल्यामुळे आपली मुले ती ऐकू लागली.

परदेशात अशा शेतांवर काम करायला शहरातील मुले जातात. इंग्लंडमध्ये १९७१ साली याची एक चळवळच सुरू झाली, ती पुढे अनेक देशांत पसरली. दिवसा शेतात काम करायचे, बदल्यात जेवण आणि राहायला जागा. आपल्याकडेही आता काही शौकीन फार्महाऊसवाले हा प्रकार करतात. कामाच्या बदल्यात भाकरी ही पद्धत आमच्या आजोबांना नवी नव्हती. तिला ते बलुते म्हणत आणि ती सोडायला त्यांना बाबासाहेबांची हाक ऐकावी लागली. म्हणून आजींच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे होते. आम्ही ते दिले नाही, थेट खड्डे खणायला लागलो.

आणि चुकलो. पहिल्या वर्षी रोपवाटिकेतून दोनशे रोपे आणली. त्यांत गुलमोहर, सुबाभूळ आणि आकेशियाच निम्म्याहून अधिक. स्वस्त मिळाली म्हणून! लावायला जागा स्वच्छ हवी म्हणून खालच्या उतारावरील करवंदीच्या जाळ्या दोन दिवस घाम गाळून तोडल्या. काकी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी तोडलेल्या जाळीतून बोटभर उंचीचे एक वाळलेले रोप उपसून आमच्यापुढे धरले. ते जांभळीचे होते. “करवंद दाई हाय झाडांची. तिच्या काट्यात शेळी तोंड घालीत नाय, म्हणून पोर वाढतं. तुम्ही दाईच मारलीव.” आमच्यापैकी कोणी मान वर केली नाही.

चरांचेही तसेच झाले. दोन बांबू, मध्ये आडवी काठी आणि वरून दोरीला बांधलेला दगड, अशी चौकट करून उतारावर समपातळी कशी आखायची हे मुले शिकून आली होती. फार सुंदर साधन आहे ते, लहान मुलेही चालवू शकतात. पण पुस्तकातला चर कमी पावसाच्या मुलखातला. तो पाणी अडवून धरतो. कोकणातल्या जुलैत अडवलेले पाणी बांध फोडून जाते, आणि आमचा पहिला चर तसाच फुटून नाचणीची दोन वाफे माती घेऊन खाली गेला. पुढच्या वर्षी काकींच्या सांगण्यावरून चर उथळ केले, प्रत्येकाला एका टोकाला दगड लावून वाट ठेवली आणि ती वाट पऱ्याकडे वळवली. ते चर अजून शाबूत आहेत.

मग मार्च २०१९ मध्ये वणवा आला. गवत चांगले यावे म्हणून, रानडुक्कर बाहेर यावे म्हणून, नाहीतर कोणी विडी टाकली म्हणून, कोकणात दरसाल डोंगर पेटतात. त्या दुपारी काकी आणि वाडीतल्या चार बायकांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडून आग वरच्या रानात जाऊ दिली नाही. खालचा उतार मात्र जळाला. मे महिन्यात आम्ही वही घेऊन मोजणी केली. दोनशेपैकी तेवीस रोपे जिवंत. त्यांतील एकोणीस आमची नव्हतीच, आपोआप उगवलेली होती आणि मुलांनी चुकून मोजली होती.

तेव्हा काकींनी आम्हांला मोजायला वेगळीच गोष्ट दिली. खालच्या उतारावरची झाडे पूर्वीच्या ठेकेदाराने २०१४ साली तोडली होती, पण खुंट जिवंत होते. ऐन, किंजळ, कुंभा, नाणा, बेहडा, यांच्या खुंटाला दहा-पंधरा फुटवे येतात. आग आणि शेळ्या ते दरवर्षी खातात, खुंट पुन्हा फुटतो. पावसाळ्यानंतर आम्ही चुन्याचे ठिपके देत मोजले तर ४१२ खुंट निघाले! जिथे आम्ही विकतची रोपे लावून जंगल उभे करायला निघालो होतो, तिथे जंगल जमिनीखाली उभेच होते. मुळे खोल गेलेली असल्यामुळे फुटवा दोन पावसांत पुरुषभर उंच होतो. रोपाला त्याला चार-पाच वर्षे लागतात. प्रत्येक खुंटावरचे दोन-तीन सरळ, जोमदार, जमिनीलगतचे फुटवे ठेवायचे, बाकीचे कोयतीने छाटायचे. छाटलेला पाला टाहाळ म्हणून आणि काटक्या सरपण म्हणून काकींच्या घरी जातात. खरे काम एवढेच, आणि आग व शेळ्या यांपासून राखण. शेळ्यांसाठी वाडीची बैठक घ्यावी लागली. शेळ्या बंद करा म्हणणे सोपे, पण वाडीतल्या तीन घरांचा संसार त्यांच्यावर. शेवटी तीन वर्षे खालचा उतार बंद, वरच्या बाजूची वाट खुली आणि बंद भागातील गवत कापून त्या घरांना द्यायचे असे ठरले.

आगीसाठी जाळरेषा. डिसेंबर-जानेवारीत डोंगराच्या कडेने बारा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, पाचोळा ओढून कोरा करायचा, म्हणजे बाहेरची आग आत येत नाही. ओढलेला पाचोळा खाली आणून वरकसावर आणि परसातल्या केळी-अळूच्या बुंध्यांशी पसरायचा. आमच्या सफाई कामगार भगिनींपैकी एकजण म्हणाल्या, “आठवडाभर मुंबईचा पाचोळा उचलायचा नि रविवारी इथं पसरायचा! साहेबांना कळलं तर दोन्हीकडची हजेरी लावतील.” पण पाचोळ्याचा सर्वांत चांगला हात त्यांचाच आहे हे सगळे मान्य करतात.

राबाच्या बाबतीत मात्र काकींनी आमचे अर्धेच ऐकले. भाताची दाढ भाजण्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या, त्या शेणासकट जाळायच्या आणि त्या राखेत तरवा पेरायचा, ही जुनी रीत. त्यासाठी ऐन दरवर्षी बोडके होतात. आम्ही बांधावर गिरीपुष्प लावले आणि त्याचा पाला दाढीत कुजवून पाहिला. गिरीपुष्प मूळचे इकडचे नाही, म्हणून ते बांधावर चालते, रानात नाही. न भाजलेल्या अर्ध्या दाढीत तरवा बरा आला, पण तणही भरपूर आले. काकी आजही एक कोपरा भाजतात. बाकीचा भाजत नाहीत. आम्हांला यात भांडण्यासारखे काही वाटत नाही, निंदणी त्या करतात, आम्ही नाही.

आजींच्या प्रश्नाला दुसऱ्या वर्षी वाडीतल्या दोन तरुणांनी तोंडावर वाचा फोडली. गडगा घालायचे आणि लावणीचे काम ते मजुरीने करीत. आम्ही फुकट गडगा घातला. ते म्हणाले, “तुमची हौस झाली नि आमची चार दिवसांची मजुरी गेली.” एकदम बरोबर होते. आपण वेठीविरुद्ध भाषणे करणारे, आणि आपल्याच माणसाच्या घामाची किंमत आपण शून्यावर आणली होती. त्या रात्री वाडीच्या विहारात बैठक झाली. जे काम मजुरीने होते ते मजुरीनेच होईल. लावणी, कापणी, गडगा यांना मुंबई मंडळ पैसे देईल, त्यासाठी प्रत्येकी महिना शंभर रुपये. आम्ही फक्त तीच कामे करायची ज्यांना कोणी कधीच मजुरी दिली नसती, म्हणजे जाळरेषा, खुंटांची छाटणी, पाचोळा, मोजणी आणि कागद. काय करायचे ते काकी ठरवतील. ही वही आजही विहारातील कपाटात आहे.

मुंबईच्या विहारातही कुरकुर झाली. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असताना ही मंडळी माती उकरायला कशी जातात, असा आमच्या एका ज्येष्ठ बौद्धाचार्यांचा आक्षेप. आक्षेप अगदीच गैर नव्हता. पण वर्षावासाचा नियम विनयात कसा आला? पावसात भिक्खू फिरतात आणि हिरवे कोवळे गवत, बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली म्हणून. आणि संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात, कोणाचे पुण्य दिवस-रात्र वाढते या प्रश्नाला भगवंतांनी दिलेल्या उत्तरात वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया व विहिरी करणारे यांचा उल्लेख आहे. आता वाडीला जातो त्या शनिवारी रात्री तिथल्या विहारात वाचन होते. मुंबईत वीस माणसे बसत, वाडीत चाळीस बसतात. तेच बौद्धाचार्य गेल्या वर्षी स्वतः आले, एक तास पाचोळा ओढला आणि उरलेला दिवस सूचना दिल्या.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. टाळेबंदीमुळे आमच्यातील पाच कुटुंबे तेव्हा वाडीतच होती. दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. १९९० च्या फळबाग योजनेत डोंगर साफ करून लावलेल्या शेजारच्या काजू बागेतील झाडे मुळासकट उपटली. आमच्या वरच्या रानात सात ऐन मोडले, खालचे फुटवे वाकले आणि महिन्याभरात सरळ झाले. मोडलेले ऐन काकींच्या घराच्या आढ्याला लागले, कारण छप्परही गेले होते.

टाळेबंदीतच आम्हांला उमगले की या डोंगराला खरा धोका वणव्याचा नाही. मुंबईतील एका दलालाने एकतीसपैकी चार नातलगांना गाठले होते. त्याला जमीनच हवी होती. आणि ज्या बाईने रान राखले तिचे नाव सातबाऱ्यावर नव्हतेच! काकांचे होते, ते १९९६ सालीच वारलेले. वारस नोंद कोणी केलीच नव्हती. सही मागायला येणारा काकींना विचारणारही नव्हता.

इथे आमचे बी.कॉम. कामी आले. बारा वर्षे फायली सरकवून जे शिकलो ते सगळे या एका फायलीत लागले. काकांचा मृत्यू दाखला मुंबईचा, त्यावर आडनाव. सातबाऱ्यावर मात्र आजोबांच्या वेळेपासून आडनावाच्या जागी जात लिहिलेली, काकांच्या नावापुढेही तीच. दोन्ही माणसे एकच हे सिद्ध करा, असे कार्यालयाने सांगितले. प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, पोलीस पाटलांचा दाखला. एकदा साहेब नाहीत, एकदा सर्व्हर नाही, एकदा अर्जच सापडत नाही. आम्ही सात रजा घालवल्या. काकी प्रत्येक वेळी बरोबर आल्या, लुगडे बदलून, कपाळ कोरे, हातात पिशवीत कागद. १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे, आणि त्यात विधवेला, मुलाला आणि मुलीला सारखा वाटा आहे. स्त्रियांच्या हक्काचे हेच विधेयक अडवले गेले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. लेकीचे नाव घालायचे म्हटल्यावर आमच्याच एका भावाने कपाळाला आठ्या घातल्या. काकी म्हणाल्या, “आग इझवायला ती आली व्हती, तू व्हतास काय?”

वारस नोंदवहीत नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नवा सातबारा हातात आला. त्यावर काकी, मुलगा आणि मुलगी. जातीच्या जागी आडनाव. काकींना वाचता येत नाही. त्यांनी आपले नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितले, आणि मग तो कागद विहारातल्या आजींना दाखवायला घेऊन गेल्या. त्याच आजी, पडवीतल्या. आजींनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला.

एकाचे तिघे झाल्याने आता सातबाऱ्यावर तेहतीस नावे आहेत. काकींच्या संमतीशिवाय झाड वा जमीन विकायची नाही अशा करारावर एकोणतीस सह्या झाल्या. चार बाकी आहेत, त्यांतील एकाला दलाल अजून फोन करतो. तो आमचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च आहे, त्याला आम्ही वाईट म्हणू शकत नाही. गेल्या मे महिन्यात तो मुलीला घेऊन पहिल्यांदा वाडीला आला होता. मुलगी दिवसभर काकींच्या मागे डोंगरात होती. रात्री नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकट खाताना तिने बापाला ऐन आणि किंजळ यांच्या सालीतला फरक सांगितला. त्याने सही केलेली नाही. पण या वर्षी जाळरेषेला येतो म्हणाला आहे.

२०२४ च्या मोजणीत ४१२ खुंटांपैकी ३७१ खुंटांवर मनगटाएवढी झाडे होती. विहीर पूर्वी फेब्रुवारीअखेर आटायची, ती आता एप्रिलपर्यंत टिकते. मुले म्हणतात डोंगरामुळे, काकी म्हणतात गाळ काढला म्हणून. टाकळा, भारंगी, फोडशी या रानभाज्या पहिल्या पावसात वाडीतल्या बायका पूर्वीइतक्याच लांब न जाता आणतात.

अशी कामे आपल्या समाजाला नवी नाहीत. तेलंगणात जहीराबादजवळ पस्तापूर येथे १९८३ साली स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांच्या संघमांनी पडीक जमिनी ज्वारी-बाजरी-राळ्याखाली आणल्या, स्वतःच्या बियाण्यांच्या पेढ्या उभारल्या, २००८ पासून स्वतःचे रेडिओ केंद्र चालवले. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्यांना इक्वेटर पुरस्कार दिला. दापोली तालुक्यातच माता रमाईंचे वणंद आहे. तिकडे दर्शनाला जाणाऱ्या सहली अनेक. त्यांतील एखादी बस एक दिवस एखाद्या वाडीच्या डोंगराकडे वळायला हरकत नाही.

यंदाची जाळरेषा जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आहे. रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली, पुढे वाडीची गाडी संध्याकाळी एकच. राहण्याची सोय विहारात, जेवण काकींकडे, जेवणाचा खर्च मंडळाचा. येताना आपापली कोयती आणावी. तिथे चारच आहेत, आणि त्यांतली एक काकींची, ती त्या कोणाला देत नाहीत.